नाव खोडून मिळणार नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, "काकी, तुमच्या कामाबद्दल लिहा. जरा गोड लिहा." गोड लिहायला मी काय करंज्या तळते का? मी भांड्यांवर नावं घालते. दिवसभर हातात हातोडी असते. जे मनात आहे ते लिहिते, छापायचं तर छापा.

शिरूरच्या बाजारपेठेत एका भांड्याच्या दुकानाची पायरी ही माझी जागा. दौंडच्या बाजाराच्या दिवशी पिशवीत हत्यारं टाकून एसटीनं दौंडला. आधी आमचे हे बसायचे. त्यांची नजर गेली, अक्षर ओळीत बसेना, तेव्हा हातोडी मी घेतली. बाईमाणूस पायरीवर बसून ठोकाठोक करतंय म्हणून लोक बघायला थांबायचे. बघितलं, कंटाळले, गेले. आता मला कुणी बघत नाही, भांडं पुढं ठेवतात आणि नाव सांगतात.

लोकांना वाटतं खिळा घ्यायचा, ठोकायचा, झालं नाव. करून बघा एकदा. पितळ ऐकतं. टोकदार पोलादी खिळा धरला, हलका ठोका दिला, की ठिपका बसतो आणि बसलेला उठत नाही. ठिपक्याला ठिपका लावत अक्षर न्यायचं. तांबं त्याहून मऊ, राग काढलात की पोचा पडलाच. स्टील मात्र उलट्या काळजाचं, त्याच्यावर खिळा घसरतो आणि 'क'ला शेपूट फुटतं. म्हणून स्टीलवर मी आधी मेणाच्या पेन्सिलीनं नाव लिहून घेते आणि मग खिळा लावते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याला तर नुसतं दटावलं तरी भोक पडेल इतकं ते लेचंपेचं. दूधवाले कॅन घेऊन येतात, त्यांना नाव नको असतं, आकडा हवा असतो. त्यासाठी पोलादी आकडे मिळतात. आकडा उभा धरायचा आणि एकच ठोका द्यायचा. दुसरा दिला की आकडा जागचा हलतो आणि एकाचे दोन दिसतात.

तव्यावर काही लिहू नये, जळून जातं. कडेला कानशीनं खाच पाडावी. पोळपाट असेल तर सळई तापवून डाग द्यावा. काचेला आणि चिनी मातीला मी हात लावत नाही. त्या बायांना सांगते, घरी जा आणि बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. मांडववाले तर ऑईलपेंटचा पट्टाच मारतात, लग्नात दोन मांडववाल्यांची पातेली एकत्र झाली की रंगावरून भांडत बसतात.

आणि आता मशीन आलं आहे. मशीन म्हणजे विजेवरचं पेन. गुर्र करतं आणि भांड्याच्या अंगावर ओरखडा ओढत जातं. अक्षर झोकदार येतं, वेळ लागत नाही, गिऱ्हाईक खूश. माझ्याकडंही आहे, ज्यांच्या दुकानाची पायरी त्या शेठनं आणून दिलं. पण ते सगळं वरवरचं. पॉलिशवाल्यानं चाक फिरवलं की नाव गेलं. खिळ्याचा ठिपका तसा जात नाही, तो पत्र्यात उतरतो. पातळ भांडं असेल तर आतून हात फिरवा, बोटांना बारीक दाणे लागतात. वरून घासून घासून ठिपके काढायला गेलात तर त्या जागी पत्राच उरत नाही.

पण नाव खोडायला लोक येतात. पिशवीतून भांडं अर्धंच बाहेर काढतात, इकडं तिकडं बघतात. चोराच्या मनात चांदणं. हळूच म्हणतात, "काकी, एवढं नाव काढून दुसरं घालायचंय." मी म्हणते, "ज्याचं नाव हाय त्याला घेऊन या. त्यानं सांगितलं तर काढते." आजवर एकानं त्याला आणलेलं नाही.

काहींना नाव नकोच असतं, खूण हवी असते. एकदा एक बागायतदार आले. पांढरे कपडे, गाडी दुकानासमोर आडवी लावलेली. गड्यानं ताटं आणि पेले आणून पायरीवर ठेवले. म्हणाले, "मावशी, यांच्या पाठीवर एकेक फुली मारून द्या."

"फुली कशाला? नाव घालते की तुमचं."

"नाव नको. कांद्याला बाया येत्यात वस्तीवरनं. जेवणं झाली की ताटं घरातल्यात मिसळत्यात."

"मिसळली तर काय व्हतंय?"

ते हसले. "तुम्हाला म्हाईतच हाय की, कुठल्या बाया ते."

मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. माझी आई त्याच बायांमध्ये कांदा काढायला जायची आणि तिचा पेला गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. तेव्हा फुलीची गरज नव्हती, कोनाडाच पुरायचा. मी म्हणाले, "फुली मारते. पण घरातली ताटं आणा. मनात फुली ज्यांच्या हाय, त्यांच्याच ताटावर शोभंल."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग गड्यावर ओरडले, ताटं उचलायला लावली आणि गाडीत बसले. शेठ आतून म्हणाले, "गिऱ्हाईक तोडलंत." मी म्हणाले, "तुमचं तोडलं असंल, माझं नव्हतंच." शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही.

आता वैशालीच्या हंड्याचं सांगते. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

दौंडला स्टेशनाजवळ सुभद्राबाई भाजी विकतात. नवरा कधीच वारला, एकटीनं लेक वाढवली. वैशाली शिकली आणि रांजणगावला कंपनीत पॅकिंगला लागली. लग्न ठरलं घोड नदीकाठच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या चांगल्या माणसांनी माझं काय वाकडं केलं आहे. लग्नाआधी दौंडच्या बाजारात सुभद्राबाई माझ्यापुढं भांडी घेऊन बसल्या. स्टीलची बरीच होती, ती मशीननं करायची ठरली, कारण मला शिरूरची एसटी गाठायची होती. आणि एक पितळी हंडा.

आपल्याकडं रीत अशी की भांडं देणाऱ्याचं नाव मोठं. मामाकडून, काकाकडून, अमुक मित्रमंडळाकडून. मुलीचं नाव असलंच तर बारीक, कडेला. कितीतरी हंड्यांवर मी मामांची नावं घातली, त्यातल्या किती मामांनी हंडे खरंच दिले होते ते त्या मामांनाच ठाऊक. सुभद्राबाईंबरोबर आलेली जाऊ म्हणाली, "मामाचं नाव घाला, बरं दिसतंय."

सुभद्राबाई म्हणाल्या, "मी पत्रिका द्यायला गेले तवा मामा घरात असून बाहेर आला न्हाई. माझं घाला. वैशालीस आईकडून, असं. आन् काकी, हातानं घाला. खोल घाला."

मी घातलं. हंड्याच्या खांद्यावर, गळ्याच्या जरा खाली. वैशाली शेजारी उकिडवी बसून बघत होती. 'वै'च्या मात्रा घालताना म्हणाली, "काकी, दुसरी मात्रा जरा लांब ओढा ना, मी तशीच काढते." मी लांब ओढली. ते अक्षर मी हजार भांड्यांत ओळखेन.

पुढं काही वर्षांनी एक बाई शिरूरला पायरीवर आली. काखेत कापडात गुंडाळलेला हंडा. मला दौंडला बघितलेलं नसणार, नाहीतर आलीच नसती. म्हणाली, "ह्याच्यावरलं नाव काढून मिळंल का? पोराचं दुसरं लगीन हाय."

कापड सरकवलं आणि माझ्यासमोर ती लांब मात्रा आली.

"पहिली कुठं गेली?" मी विचारलं.

"गेली तिच्या आईकडं. सोडचिठ्ठी झाली. कामाला जायचं म्हनत हुती, घरात पाय ठरत न्हवता."

"मग हंडा तिच्या आईचा हाय. वर लिवलंय की."

"तुम्हाला काय करायचंय? खोडायचं काय घेता ते सांगा."

मी हंडा मांडीवर घेतला आणि सोडला नाही. तोंडाला आलं ते सगळं बोलले. ते इथं लिहिलं तर अंक घरात ठेवता येणार नाही. गर्दी जमली. शेठ बाहेर आले आणि म्हणाले, "काकी, भांडं त्यांनी आणलंय, द्या परत. उद्या आपल्यावर चोरीचा आळ यायचा." बरोबर होतं त्यांचं. दिला. ती गेली. मी हातोडी खाली ठेवली आणि त्या दिवशी परत उचलली नाही. राग कुणाचा जास्त आला सांगता येत नाही, तिचा का त्या बरोबर बोलणाऱ्या शेठचा.

पुढच्या बाजाराला दौंडला सुभद्राबाई स्वतःहून आल्या. भाजीची पाटी बाजूला ठेवून मटकन बसल्या. सोडचिठ्ठीनंतर भांडी मागायला त्या गेल्या होत्या. वैशालीच्या सासरकडून उत्तर आलं, हिनं काही आणलंच नव्हतं, मोकळ्या हातानं आली होती. हे ऐकून वैशाली जेवेना. भांड्यांचं तिला काही नव्हतं, ती कमावती होती. पण आई उन्हातान्हात बसून एकेक भांडं घेत होती, ते तिनं लहानपणापासून बघितलं होतं. आईनं काही दिलंच नाही, हे तिला गिळवेना.

गावात बैठक बसली. तिथले एक वडीलधारे आहेत, सगळे आप्पा म्हणतात, त्यांचा शब्द चालतो. आप्पांनी नियम घातला, भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. सासूनं भांडी आणून मांडली. सगळी लखलखीत, सगळ्यांवर पोराचं नाव. मशीनचं नाव पॉलिशवाल्यानं पुसलं होतं आणि मशीननंच नवं घातलं होतं. हंडा आणलाच नव्हता. हंडा कुठला, आमच्यात असा हंडाच नव्हता, असं म्हणाली.

मी तिथंच बसून आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते शांत माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं कशाला बोलाल? पन हंडा दाखवा. नाव दिसलं की मी सगळी भांडी परत करायला लावतो. नाव न्हाई तर माझ्या हातात काय न्हाई."

हंडा कुठनं दाखवू? मी पायरीवर बसणारी बाई. सुभद्राबाई पाटी उचलून गेल्या. मला तो आठवडा भाकरी गोड लागली नाही, आणि मशीनला हात लावला की डोकं तापायचं. शेठ म्हणायचे, "लोकांचं एवढं अंगाला लावून घेऊ नका." मी म्हणायची, "तुम्ही भांडी विकता, मी नावं घालते. तुमचं दुकानातनं गेलं की संपतं."

असेच महिने गेले. मग एका दुपारी एक नवी लग्न झालेली पोरगी पायरीवर आली. हिरवा चुडा, कमरेपाशी साडी ओली. हंडा खाली ठेवून म्हणाली, "काकी, तुम्ही भोकावर कथलाचा डाग लावून देता का? नवाच हाय, लग्नात माझ्या नावानं आलाय. पन गळ्याशी पाणी आलं की झिरपतंय. रोज साडी भिजती. सासूबाई म्हंत्यात, तुलाच उचलाय येत न्हाई."

हंड्याच्या खांद्यावर मशीनचं झोकदार नाव होतं, सौ. कोमल. त्याच्या आजूबाजूचं पितळ आरशासारखं, बाकीच्या हंड्यापेक्षा वेगळं चमकत होतं. मी दुकानातून पाणी मागून हंडा काठोकाठ भरला. जरा वेळानं कोमलच्या नावातून, नावाच्या वरून, खालून बारीक थेंब फुटले. ते मशीनच्या अक्षरांच्या ओळीत नव्हते.

मी पाणी ओतून दिलं, हात आत घातला आणि खांद्याच्या आतून बोट फिरवलं. आतून अक्षरं उलटी लागतात. मला सवय आहे. काही दाण्यांच्या जागी बारीक भोकं पडली होती, बाकी जागेवर होते. मात्रा लागली. दुसरी, लांब ओढलेली.

माझा चेहरा बघून कोमल घाबरली. "काय झालं, काकी? लई मोठं भोक हाय का?"

मी तिला विचारलं, "तुझ्या नवऱ्याची पहिली बायको, तिच्याबद्दल काय सांगितलंय तुला?"

"हात हालवत आली हुती, तशीच गेली म्हंत्यात."

खरं सांगते, तेव्हा मनात आलं, हिला कशाला सांगायचं. नवं लग्न आहे, हिचा काय दोष. पण राग खोटं बोलू देत नाही. मी तिचा हात धरला, बांगड्या वर सरकवल्या आणि हंड्यात घातला. तिचं बोट धरून एकेक अक्षरावरून नेलं. "हा वै. हा शा. हा ली. आता इथं स. पुढं आ, ई." जिथं दाणे पुसले होते तिथं तोंडानं सांगितलं. आईकडून, इथवर आल्यावर तिनं माझा हात सोडला आणि एकटीनं परत पहिल्यापासून बोट फिरवलं.

मग हात बाहेर काढला, बाहेरच्या तिच्या नावावर नख ओढून बघितलं.

"काकी, माझं मशीननं घातलंय ना?"

"व्हय."

"म्हंजी हे पुसलं तर आतनं काय ऱ्हाणार न्हाई."

"न्हाई राहणार."

ती उठली. मला वाटलं रडेल. तिनं हंडा काखेला लावला आणि विचारलं, "ती दौंडचीच ना? दौंडची गाडी कुठं लागती?"

मी हत्यारं पिशवीत टाकली आणि तिच्याबरोबर गेले. शेठनं विचारलं, कुठं चाललात? मी हातानंच स्टँडकडं दाखवलं. एसटीत कोमल हंडा मांडीवर घेऊन बसली होती. एकदाच बोलली, "ती लई भांडकुदळ हाय म्हंत्यात." मी म्हणाले, "असती तर बरं झालं असतं."

सुभद्राबाईंच्या दारात वैशाली आणि कोमल पहिल्यांदा समोरासमोर आल्या. कोमलनं आपलं नाव सांगितलं नाही, हंडा पुढं केला आणि म्हणाली, "आत हात घालून बघा." वैशालीनं घातला. मात्रेपाशी बोट थांबलं असणार, कारण ती तिथंच खाली बसली. सुभद्राबाई चुलीपाशी होत्या. वैशाली त्यांना म्हणाली, "आई, तू खोल घालायला सांगितलंस म्हणून राहिलं." मग दोघी मायलेकी रडल्या. कोमल दारातच उभी राहिली. तिला आत या म्हणायचं आम्हा कुणाला सुचलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी हंडा आप्पांपुढं गेला. आम्ही सगळ्या गेलो. आप्पांनी अंगरख्याची बाही वर केली, हात घातला, डोळे मिटले. म्हणाले, "हे उलटं लागतंय."

मी म्हणाले, "आप्पा, आतनं उलटंच लागणार. सरळ तर बाहेरनं होतं, ते ह्यांनी घासलं."

सासू म्हणाली, पॉलिशवाल्यानं काहीतरी गडबड केली असंल. आप्पांनी तिच्याकडं बघितलंही नाही, कोमलकडं बघितलं. "तुझं काय म्हननं हाय, पोरी?"

"तिची भांडी तिच्या घरी पोचू द्या. तवर मी माझ्या आईकडं हाय."

एक सून गेली होती, दुसरी उठून चालली, भावकी तोंडावर हसणार. नियमानं जे झालं नाही ते भावकीच्या भीतीनं झालं. दोन-चार दिवसांत टेम्पोनं भांडी दौंडला आली. सगळी नाही. चांगली जड पातेली 'सापडली नाहीत'. आलेल्यांवर नवऱ्याचंच नाव होतं. वैशालीनं ती माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, "हे खोडा." जिचं भांडं तीच सांगत होती, म्हणून मशीननं घातलेलं ते नाव मी मशीननंच खरवडून काढलं. हंड्याला मात्र तिनं डाग लावू दिला नाही. तो घरात कोरडा ठेवलेला असतो.

कोमल नांदायला परत गेली. कशाला गेली असं मला लोक विचारतात. ते तिला विचारा, ती मोठी आहे. गेल्या महिन्यात ती शिरूरला आली, बरोबर तिची आई. पोत्यात तिच्या माहेरची सगळी भांडी होती, लग्नात आलेली, मशीनच्या नावांची. एकेक काढून तिनं पायरीवर मांडली. शेठ आतून मशीनची वायर लावायला लागले.

"ते राहू द्या, शेठ," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "काकी, सगळी हातानं घाला. आतनं लागली पाहिजेत."

सगळा दिवस गेला. शेठनं मशीनची वायर काढून गुंडाळून ठेवली.